हात धुतलेस का?

आमच्या लहानपणीं पानावर बसण्याआधीं आई एकच प्रश्न विचारी, आणि तो विचारतांना ती आमच्या तोंडाकडे कधीं पाहत नसे. तव्यावरच्या भाकरीवर नजर ठेवूनच ती म्हणे, "हात धुतलेस का?" उत्तर 'हो' असें आलें तरी तिचें समाधान होत नसे. मग हात पुढें करावे लागत, प्रथम पालथे आणि मग उताणे. नखांच्या कडेला शाईची किंवा मातीची काळी रेघ दिसली कीं पुन्हां मोरीकडे रवानगी. जुन्नरच्या आमच्या घरांत तेव्हां नळ एकच वेळ येई. उन्हाळ्यांत तांब्याभर पाण्यांत चार भावंडांचे हात धुऊन व्हावयाचे असत, आणि तें पाणीहि पुढें परसांतल्या अळवाला जावयाचें असे. एरवीं थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या आईनें हात धुण्याचें पाणी मात्र कधीं मोजलें नाहीं.

या साध्या प्रश्नाचें व्याकरण तपासण्याची पाळी माझ्यावर पुढें येईल, असें तेव्हां कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें. मी पोटासाठीं इंग्रजी शिकवितों. परंतु मराठींतील क्रियापदाच्या एका प्रत्ययानें मला जेवढें छळलें आहे तेवढें शेक्सपिअरच्या साऱ्या नाटकांनीं मिळून छळलें नसेल.

२०१६ सालच्या पावसाळ्यांत आई ओसरीवरून घसरली आणि तिचें हाड खुब्यापाशीं मोडलें. तालुक्याच्या गांवीं तें काम होण्यासारखें नव्हतें, म्हणून तिला एका मोठ्या शहरांतील रुग्णालयांत नेलें. रुग्णालयाचें नांव सांगत नाहीं. तें सांगून आतां साधण्यासारखें कांहीं नाहीं, आणि जें सांगावयाचें आहे तें रुग्णालयापेक्षां माझ्याविषयींच अधिक आहे. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तिसऱ्या दिवसापासून ड्रेसिंग बदलण्यास एक गृहस्थ येऊं लागले. वॉर्डांत सगळे त्यांना मामा म्हणत. मोठा लाघवी माणूस! "आजी, दिवाळीला तुम्ही शिवनेरी चढणार बघा," असें म्हणून ते आईला हंसवीत. खिडकीजवळची खाट आम्हांला मिळाली तीहि त्यांच्याच खटपटीनें. चाकांच्या गाडीवर आपला ट्रे ठेवून ते खाटेखाटेनें पुढें सरकत. चौथ्या दिवशीं माझ्या लक्षांत आलें, कीं पलीकडच्या खाटेवर एका म्हातारीच्या चिघळलेल्या पायाची पट्टी सोडून मामा सरळ आमच्या खाटेकडे आले, आणि त्यांच्या हातांतले रबरी मोजे तेच होते. त्या मोज्यांमुळें मामांचे स्वतःचे हात अगदीं सुरक्षित होते. आईच्या जखमेला मात्र मोजे नव्हते.

मी खाटेच्या पायथ्याशीं उभा होतों. प्रश्न ओठांपर्यंत आला आणि तेथेंच अडला. 'हात धुतलेस का?' हा प्रश्न मराठींत एकवचनी आहे. आई तो लेंकराला विचारते, मास्तर विद्यार्थ्याला विचारतात. वडील माणसानें धाकट्याला विचारावा असाच तो प्रश्न आहे. त्याला आदरार्थी बहुवचन लावून पाहा: 'हात धुतलेत का?' शब्द तेच, पण लागलीच तो प्रश्न राहत नाहीं, तो आरोप होतो. ज्या माणसाशीं आपण 'तुम्ही' म्हणून बोलतों त्याला त्याच्या हातांविषयीं विचारण्याची सोयच आपल्या भाषेनें ठेवलेली नाहीं. शिवाय ते रागावले तर? उद्यां पट्टी जोरानें ओढली तर? 'भीड भिकेची बहीण' ही म्हण मी वर्गांत कित्येकदां समजावून दिली आहे. 'मामा, मोजे बदललेत का?' एवढे चार शब्द मला उच्चारतां आले नाहींत. मीं उलट त्यांना चहा विचारला.

नवव्या दिवशीं आईला ताप भरला, टांके ओलावले आणि जखमेंतून पू येऊं लागला. पुन्हां शस्त्रक्रिया झाली, महागडीं इंजेक्शनें झालीं. दीड महिन्यानें ती घरीं आली, पण आपल्या पायांनीं मोरीपर्यंत ती पुन्हां कधीं गेली नाहीं. पुढल्या वर्षीं ती वारली. मामांच्या त्या हातांमुळेंच हें सारें झालें असें मी म्हणूं शकत नाहीं. जखमेंत जंतु शिरण्याच्या वाटा अनेक असतात. रोग्याच्या स्वतःच्या कातडीवरूनहि ते आंत जातात, आणि आईला मधुमेह होता. मीं विचारलें नाहीं, एवढें मात्र निःसंशय. शेवटच्या महिन्यांत तिला भरविण्याचें काम माझ्याकडे होतें. बोलणें जवळजवळ थांबलें होतें. पहिला घांस पुढें केला कीं ती ओठ मिटून माझ्या हाताकडे पाही. मग मी मोरीवर जाऊन येई, आणि ती तोंड उघडी.

त्यानंतर हाताला लागेल तें या विषयावरचें वाचण्याचा मला एक प्रकारें नादच लागला. व्हिएन्नाच्या इग्नाझ सेमेलवाइसची हकीकत मीं तेव्हां प्रथम सविस्तर वाचली. तेथील सार्वजनिक रुग्णालयांत बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकांत डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यांत सुइणी. सुइणींच्या विभागांत बाया जगत, आणि विद्वानांच्या विभागांत बाळंतरोगानें पटापट मरत. पहिल्या विभागांत जावें लागूं नये म्हणून बाया हातापायां पडत. कित्येक तर वाटेवरच बाळंत होणें पतकरीत. १८४७ च्या मार्चांत सेमेलवाइसचा एक मित्र शवविच्छेदनाच्या वेळीं बोटाला सुरी लागून मेला, आणि त्याच्या प्रेतांत त्याला बाळंतिणींच्या प्रेतांतलींच लक्षणें आढळलीं. विद्यार्थी शवागारांतून उठून सरळ बाळंतिणीकडे येत असत. सुइणी शवागारांत जात नसत. कोडें उलगडलें. मे महिन्याच्या मध्यापासून त्यानें क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यांत हात धुतल्यावांचून कोणालाहि बाळंतिणीला स्पर्श करूं दिला नाहीं. एप्रिलांत शंभरांतल्या १८ बाया मेल्या होत्या. जून-जुलैंत हें प्रमाण शंभरांत एक-दोनांवर आलें.

आमच्या घराण्याच्या वंशावळींत दोन ठिकाणीं 'द्वितीय संबंध' असा शेरा आहे. लहानपणीं कारण विचारलें तेव्हां आजी म्हणाली होती, "पहिल्या बाळंतरोगानें गेल्या." त्या दोघींचीं नांवें कोणालाच आठवत नव्हतीं. व्हिएन्नाची ती हकीकत वाचतांना मला आमच्या वंशावळीचा तो पिंवळा पडलेला कागद आठवत होता.

एवढा लखलखीत पुरावा हातीं असूनहि सेमेलवाइस हरला. डॉक्टर म्हणजे सभ्य गृहस्थ, आणि सभ्य गृहस्थाचे हात मलिन कसे असतील, हा तेव्हांचा समज होता. सेमेलवाइसनें या सभ्य गृहस्थांना माझ्या आईचा प्रश्न विचारला, आणि तोहि एकवचनांत! पुढें तर त्यानें नामांकित प्राध्यापकांना उघड पत्रें लिहून खुनी ठरविलें. १८६५ सालीं, वयाच्या ४७ व्या वर्षीं, वेड्यांच्या इस्पितळांत जखम चिघळूनच त्याचा अंत झाला. मी भिडेपायीं गप्प बसलों. त्यानें भीड अजिबात सोडली. दोघांच्याहि हातून रोग्याचें हित पुरतें साधलें नाहीं. त्याची योग्यता आणि माझी योग्यता यांची तुलना येथें अभिप्रेत नाहीं, हें सांगणें नलगे.

आपल्याकडे तर हात धुण्याची कमतरता कधींच नव्हती. स्मशानांतून आलों, धुतले. बाजारांतून आलों, धुतले. सोवळ्याच्या दिवसांत आमची आजी दिवसाकांठीं किती वेळां हात धूत असे याची गणती नाहीं. पण हें सारें धुणें 'नंतर'चें आहे. दुसऱ्याचें आपल्याला लागलें तें काढून टाकण्यासाठीं तें आहे. त्याच्या पोटीं केवढा अन्याय दडला होता हें आमच्या दोन्ही तालुक्यांतील कोणत्याहि जुन्या पाणवठ्याला विचारावें. आपलें दुसऱ्याला लागूं नये म्हणून आधीं हात धुवावे, ही कल्पना सोवळ्यांत नाहीं. ती आईच्या प्रश्नांत होती. आणि गंमत अशी, कीं हा दोष एकट्या आपला नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं रुग्णसेवकांसाठीं हात स्वच्छ करण्याचे पांच क्षण सांगितले: रोग्याला शिवण्याआधीं, जखम, सुई, नळी यांसारखें निर्जंतुक काम करण्याआधीं, रक्तादि शरीरद्रवांशीं संबंध आल्यानंतर, रोग्याला शिवल्यानंतर, आणि त्याच्या भोंवतालच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. यांतल्या दोन क्षणांत 'आधीं' आहे आणि तीन क्षणांत 'नंतर'. देशोदेशींच्या पाहण्यांत असें दिसून आलें आहे, कीं डॉक्टर काय किंवा परिचारिका काय, 'नंतर'चे हात पुष्कळ अधिक नेमानें धुतात. 'आधीं'चे विसरतात. स्वतःचा जीव सर्वांनाच प्यारा असतो.

तथापि सारा दोष विसरण्याच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. साबणानें नीट हात धुण्यास मिनिटभर लागतें, आणि मोरी वॉर्डाच्या दुसऱ्या टोंकाला असते. तासांत वीस वेळां तेथवर जाऊन येणाऱ्या सिस्टरनें सुई टोंचावी केव्हां? म्हणूनच खाटेपाशीं ठेवलेल्या अल्कोहोलच्या द्रवाचें महत्त्व. त्याला वीस-तीस सेकंद पुरतात, पाणी लागत नाहीं, पंचा लागत नाहीं. हात दिसण्याजोगे मळलेले असले तर मात्र साबणपाण्याकडे जावें लागतें. जिनेव्हाच्या विद्यापीठ-रुग्णालयांत दिदिए पिते यांनीं या द्रवाची प्रथा चिकाटीनें रुजविली. हात स्वच्छ करावयाच्या शंभर प्रसंगांपैकीं १९९४ मध्यें ४८ प्रसंगीं ते केले जात; १९९७ मध्यें ६६ प्रसंगीं होऊं लागले, आणि त्याच मुदतींत रुग्णालयांतच जडणाऱ्या संसर्गांचें प्रमाण शेंकडा सतराच्या आसपास होतें तें दहाच्या आसपास आलें. आंबेगांवच्या पश्चिमेला डिंभ्याच्या धरणाचा एवढा मोठा जलाशय पसरलेला आहे, पण त्याच्या माथ्यावरच्या वाड्यांतील बायांना चैत्र-वैशाखांत हंडे घेऊन वणवण करावी लागते. अशा मुलखांत पाण्यावांचून हात स्वच्छ करणारा द्रव म्हणजे वरदानच. आणि तो द्रव ज्या अल्कोहोलचा, तें आपल्याच उसाच्या मळीपासून निघतें. २०२० च्या साथींत साखर-कारखान्यांच्या आसवन्यांनीं सॅनिटायझर बनविला, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच.

माझा एक जुना विद्यार्थी इंजिनियर होऊन चाकणच्या बाजूला नोकरी करतो. माझ्या वर्गांत त्यानें इंग्रजी कवितेचा अर्थ कधींहि बरोबर सांगितला नाहीं, पण त्याचे हात कुशल आहेत. माझी ही कहाणी ऐकून तो एक डबी घेऊन आला. द्रवाच्या बाटलीखालीं हात धरला कीं एक सेन्सर तें ओळखतो, द्रव आपोआप हातावर पडतो, आणि केव्हां पडला तें डबी टिपून ठेवते. आमच्या भागांतील एका लहानशा प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंनीं ती लावून पाहण्यास आनंदानें संमति दिली.

पहिल्या आठवड्याचे आंकडे पाहून आम्ही हरखून गेलों. मग इंजिनियराच्या ध्यानांत आलें, कीं हात धुण्याला खरा भर येतो तो सायंकाळीं चार ते सहा, म्हणजे रोग्यांना भेटावयाच्या वेळांत. तेव्हां एक मावशी हंसून म्हणाल्या, "अहो सर, तीं पाहुण्यांचीं पोरं हायेत. हात घातला कीं गार पाणी पडतंय म्हणून रांग लावत्यात!" नाणेघाटाच्या माथ्यावर एक प्रचंड दगडी रांजण आहे. जुन्या काळीं जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, असें लोक सांगतात. रांजण भरला एवढें कळे. कोणीं टाकलें आणि कोणीं चुकविलें तें रांजणाला ठाऊक नसे. आमची डबी असला रांजण होती. 'आधीं' आणि 'नंतर' यांतला भेद तर तिला मुळींच कळत नव्हता. नारायणगांवाजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तबकड्यांची ती प्रचंड दुर्बीण दूरच्या दीर्घिकांतल्या हायड्रोजनची कुजबूज ऐकते. आणि तिच्या हांकेच्या अंतरावर, एका बाईनें दुसऱ्या बाईला शिवण्याआधीं हात चोळले कीं नाहीं, हें सांगणारें यंत्र आम्हांला साधत नव्हतें.

परदेशांत याहून पुढची मजल गेली आहे. कोठें परिचारिकांच्या छातीवरील बिल्ल्याला यंत्र ओळखतें. कोठें चमकणारा द्रव लावून हात निळसर दिव्याखालीं धरले, कीं चोळण्यांतून सुटलेली जागा काळी दिसते. न्यूयॉर्क राज्यांतील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत कॅमेरे बसविले होते. त्या प्रयोगाचा वृत्तान्त २०१२ मध्यें प्रसिद्ध झाला. नुसते कॅमेरे होते तोंवर नेमानें हात धुण्याचें प्रमाण शेंकडा दहाच्याहि खालीं होतें. मग त्या विभागाचे आंकडे तेथल्याच फलकावर वरचेवर झळकूं लागले, आणि प्रमाण ऐंशीच्या वर गेलें. पाहणारा डोळा पुरेसा नव्हता. पाहिलेलें परत सांगावें लागलें.

हें वाचून मीं उत्साहानें आमच्याकडेहि फलक लावण्याची सूचना केली. त्यावर एक वयस्क सिस्टर जें बोलल्या तें मला जन्मभर विसरतां येणार नाहीं. त्या म्हणाल्या, "सर, आमच्यावर पहारा बसवा, हरकत नाहीं. पण मागल्या शुक्रवारपासून रविवारपर्यंत बाटली रिकामी होती, तें तुमच्या डबीनं लिहिलं का? रात्रपाळीला मी एकटी असते आणि खाटा बारा, तें लिहिलं का? अल्कोहोलनं माझ्या बोटांना भेगा पडल्यात, ते हात कोणी बघायचे?" असें म्हणून त्यांनीं हात पुढें केले. प्रथम पालथे, मग उताणे.

मी खजील झालों. इंजिनियर मात्र कांहीं न बोलतां डबी खोलून बसला. पुढल्या खेपेला त्यानें आणलेल्या डबीला बाटली रिकामी होत आल्याचें कळूं लागलें, आणि ही वर्दी सिस्टरांकडे न जातां सरळ डॉक्टरीणबाईंच्या फोनवर जाऊं लागली. द्रवांत कातडी मऊ ठेवण्यास ग्लिसरीन पुरेसें आहे कीं नाहीं हेंहि बाईंनीं तपासून घेतलें. हिशेब खालून वरहि मागितला जाऊं लागला तेव्हांच फलकाला सर्वांची संमति मिळाली. त्यावर कोणाचें नांव नसतें. साऱ्या वॉर्डाचा मिळून एक आंकडा असतो. तो चहाच्या खोलीबाहेर आहे, आणि आज कालच्यापेक्षां कमी आला कीं चहा पितांना आपसांत चर्चा होते, असें मावशी सांगतात.

दुसरी सुधारणा त्यानें माझ्या आग्रहावरून केली. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशीं आतां एक बाटली आणि एक लहानसा दिवा आहे. कोणी खाटेजवळ आलें कीं दिवा पिंवळा होतो. बाटलीखालीं हात धरून गेलें कीं हिरवा. पाहुणा असो, मावशी असो, स्वतः डॉक्टरीणबाई असोत, दिव्याला सगळे सारखे. त्याच्या भाषेंत 'तूं' नाहीं आणि 'तुम्ही'हि नाहीं. तो कधीं कधीं चुकतो. खाटेजवळून नुसती मांजर गेली तरी पिंवळा होतो. बीज बंद पडली तर विचारतच नाहीं. हात खरोखर नीट चोळले कीं नुसते ओले केले, हें त्याला अजून कळत नाहीं, आणि या यंत्रानें आमच्याकडे किती संसर्ग टळले हें सांगण्याइतका अनुभव आमच्या गांठीं नाहीं.

गेल्या श्रावणांत माझ्या पुतणीला तेथेंच मुलगी झाली. बातमी आली तसा मी मिळेल त्या एसटीनें उभ्यानें निघालों, वाटेंत पेढे घेतले, आणि घाईघाईनें खाटेपाशीं गेलों. बाळ एका तरुण सिस्टरच्या हातांत होतें. ती चारपांच वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत दुसऱ्या बांकावर बसत असे. मीं बाळाला घेण्यासाठीं हात पुढें केले. तिनें बाळ दिलें नाहीं. ती कांहीं बोललीहि नाहीं. गोरीमोरी होऊन एकदां माझ्याकडे आणि एकदां खाटेच्या पायथ्याकडे पाहूं लागली. मामांच्या ट्रेपुढें उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा कसा दिसत असेल हें मला त्या क्षणीं प्रथमच दिसलें. दिवा पिंवळा होता.

पेढ्यांचा पुडा मीं स्टुलावर ठेवला. द्रव फार गार लागला. बोटांच्या फटी, आंगठे, नखें, सारें सावकाश चोळलें. तो उडून जाईपर्यंत थांबलों, आणि मग दोन्ही हात तिच्यापुढें धरले, प्रथम पालथे आणि मग उताणे. ती खुदकन हंसली, आणि तिनें बाळ माझ्या हातांत दिलें.